दोघांच्या मधली वंदना

वंदना गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. तिच्या भावाचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा बस मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली होती. "ताई, वंदना गेली," एवढंच तो म्हणाला. साधा ताप म्हणून तिनं रजा टाकली होती. डेंगी निघाला आणि आठवडाभरात सगळं संपलं. रोज तिच्यासाठी बॅग ठेवून अडवायचे ती शेजारची जागा त्या दिवशीही मी अडवून ठेवली होती...

चाकणच्या आमच्या कारखान्यात ती जपानी भाषेची दुभाषी होती, मी क्वालिटी विभागात. मी लातूरकडून लग्न होऊन थेरगावात आलेली. ती संत तुकाराम नगरात वाढलेली, वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. बौद्ध घरातली म्हणून कंपनीत कुणी ना कुणी तिला म्हणायचंच, "तुम्हाला बुद्धामुळे जपानी सोपं गेलं असेल." ती हसून सांगायची, "सोपं कसलं? दोनदा नापास झालेय." आणि "हे जपानी लोक असेच" अशी कुणी सुरुवात केली की विचारायची, "कोण? नाव सांग." साहेबांनी "भारतीय कामगार असेच" म्हटलं, तर त्यांनाही हाच प्रश्न, जरा अदबीनं.

आमचे जपानी साहेब मोरीसान. वेळेचे पक्के, बोलायला कमी. एका सकाळी लाइनवरच्या पाटलांची आई वारली आणि अर्धी लाइन मयताला जायला निघाली. मोरीसान दारात उभे राहिले. आई पाटलांची, मग बाकीचे कशाला जातात? त्यांना ती कामचुकारपणाची सबब वाटली. लाइनचे प्रमुख शेळकेभाऊ चाकणजवळच्याच गावचे. ते म्हणाले, "ताई, सायबाला सांगा, मैताला न्हाई जायचं तर मानसानं कवा जायचं? आमी रविवारी येऊन काम भरून काढू." वंदनानं ते सांगितलं. मोरीसान बाजूला झाले, पण चेहरा तसाच राहिला. रविवारी सगळे आले, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. माणसांना तोही गर्व वाटला.

त्याच वर्षी मोरीसानचे वडील वारले. ते जपानला गावी गेले आणि लगेचच परत कामावर हजर झाले. सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी हसतमुखानं सांगितलं की वडील वारले, सगळ्यांना त्रास झाला, माफ करा. मग प्रत्येकाच्या हातात मिठाईचा छोटा पुडा ठेवला. शेळकेभाऊंनी पुडा न उघडता टेबलावर ठेवला. "बाप मेला आन हा मानूस हसून मिठाई वाटतोय," ते म्हणाले. दुपारपर्यंत सगळे पुडे त्या टेबलावर जमा झाले. मोरीसाननी ते पाहिलं. पुढचे काही दिवस ते केबिनमध्ये एकटेच जेवायचे. मग त्यांनी वंदनाला सांगितलं, "इथे मी कुणालाच नको आहे. बदली मागतो."

बसमध्ये ती मला म्हणाली, "पुस्तकात वाचलेलं सांगून मी शेळकेभाऊंना गप्प करू शकते गं. पण ते पुस्तकातले जपानी झाले. या माणसाला का हसू आलं, ते यालाच विचारायला हवं."

तिनं सरळ विचारलं. ते म्हणाले, "दुःख माझं आहे. मी रडलो असतो तर त्यांना काम सोडून मला सांभाळावं लागलं असतं." मिठाई आनंदाची नव्हतीच. आपल्यामागे ज्यांनी काम ओढलं, त्यांचे ते आभार होते.

वंदनानं हे लाइनवर सगळ्यांसमोर सांगितलं. शेळकेभाऊ बराच वेळ हातमोजे काढत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी त्याला भेटाया कुनीच गेलं न्हाई. चुकलंच की आपलं."

रविवारी आम्ही पाच-सहा जण रावेतला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. शेळकेवहिनींनी पिठलं-भाकरी बांधून दिली होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. दार उघडल्यावर मोरीसानचा चेहरा उतरला. एवढी माणसं तक्रार घेऊनच आली, असं त्यांना वाटलं. वंदना म्हणाली, "तुमचे वडील गेले म्हणून बसायला आलोत." मग आम्ही नुसते बसलो. आपल्याकडे बसतात तसे, न बोलता. मोरीसान सारखे उठून चहाचं बघत होते. शेवटी शेळकेभाऊंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि भाकरी पुढे केली. "जेवा, सायेब." त्यांनी एक घास खाल्ला. मग आत जाऊन वडिलांचा फोटो आणला आणि काहीतरी पुटपुटले. वंदनानं ते मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण तिचे डोळे भरून आले होते. "ऱ्हाऊ द्या ताई," शेळकेभाऊ म्हणाले, "कळलं."

बदली त्यांनी मागितली नाही. मुदत संपेपर्यंत राहिले आणि गेल्या वर्षी मायदेशी परतले.

वंदना गेल्याचं मोरीसानना कळलं तेव्हा त्यांचा फोन आला, शेळकेभाऊंसाठी. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कँटीनमध्ये होतो. भाऊंनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि सगळे भोवती उभे राहिलो. मोरीसान जपानीत एक वाक्य बोलले आणि थांबले. वंदनानंच आम्हा सगळ्यांना ही शिस्त लावली होती... एक वाक्य बोला, थांबा, मला सांगू द्या. भाऊंनी ते थांबणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, "ताई लई लवकर गेली, सायेब." आणि तेही थांबले. तिकडे कुणी घाई केली नाही. तिला ते वाक्य सांगायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ गेला, आणि मग मोरीसान पुढचं वाक्य बोलले.