एक पोस्ट, दोन उत्तरं

आमच्या ऑनलाइन वर्गाचे किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. मेथी निवडताना ताटाच्या कडेला देठं जमत जातात, तसे ते मार्क देता देता जमले. देठं टाकून देता येतात. हे टाकवत नाहीत, म्हणून सांगते.

गोरेगावच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. सव्वीस वर्षं फळ्यासमोर शिकवलं आणि गेली तीन वर्षं बोरिवलीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरून. कामावर जाणाऱ्या लोकांसाठी कॉलेजनं ऑनलाइन पदवी सुरू केली आणि ती माझ्या गळ्यात पडली. कुणी दिंडोशीच्या कोर्टात शिपाई, कुणी नर्स, कुणी घाटकोपरला मोबाइल दुरुस्त करणारा. सगळ्यांचे कॅमेरे बंद, माइक बंद. स्क्रीनवर चाळीस काळे चौकोन आणि एका चौकोनात ‘प्रमिला मॅडम’ म्हणून मी एकटीच बडबडतेय.

या चौकोनांना बोलतं करायला वरून नियम आला. दहा आठवडे, दर आठवड्याला एक विषय. प्रत्येकानं चर्चेच्या पानावर शंभर शब्दांची स्वतःची एक पोस्ट लिहायची आणि दुसऱ्यांच्या पोस्टना पन्नास-पन्नास शब्दांची दोन उत्तरं द्यायची. उत्तरात एक तरी प्रश्न हवा. आठवड्याला दोन मार्क, एकूण वीस, पास व्हायला आठ. स्वतःची पोस्ट नसेल तर त्या आठवड्याची उत्तरं धरायची नाहीत. आणि शिक्षकानं मध्ये एक अक्षर लिहायचं नाही, कारण शिक्षक बोलला की विद्यार्थी गप्प होतात म्हणे. ते आधीच गप्प होते, पण नियम तो नियम.

*

पहिल्या आठवड्याचा विषय होता, ‘आता राहिली नाही अशी एक जागा’. पोस्ट कशी असते ते कळावं म्हणून एक नमुना तेवढा टाकायची मला मुभा होती. मी माझ्या बाबांच्या टायपिंग क्लासबद्दल लिहिलं. मुलुंडला स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर, बारा मशिनं. शाळा सुटली की मी शेवटच्या मशिनवर जाऊन बसायची. बाबा सगळ्यांच्या मागून फिरत म्हणायचे, “बोटांकडे बघू नका. बोटांना ठाऊक असतं.” आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. शब्द मोजून शंभर.

आठवड्यानं पोस्ट वाचायला बसले तर आणखी चौघांच्या वडिलांचा टायपिंग क्लास निघाला. चौघांचाही मुलुंडला, चौघांचाही पहिल्या मजल्यावर. एकानं तर धंदा वाढवून बाराची पंधरा मशिनं केली होती.

अर्थशास्त्राच्या परब सरांना मी हे सांगितलं. सर मालवणचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि ऑनलाइन या शब्दावरच त्यांचा राग. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “गो बाय, तुझ्या बापाशीचा दुकान चौघांनी वाटून घेतला. आता सातबाऱ्यार नावा चढव.”

मी हसले आणि चौघांचेही मार्क कापले. पण खरं सांगू? बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली. चार परक्या माणसांनी त्यांना आपले बाबा म्हटलं, ते मला मनातून आवडलं होतं.

*

सुरुवातीला सगळे उत्तरात नुसतं ‘सहमत’ लिहायचे. मग कॉलेजनं यंत्रालाच शब्द मोजायला लावलं. पन्नास झाले नाहीत की लाल अक्षरं येतात आणि उत्तर पुढे जातच नाही.

मोबाइल दुरुस्त करणारा रोशन यावर तोडगा काढणार हे ठरलेलंच. त्यानं एका उत्तरात लिहिलं, ‘तुमची पोस्ट खूप खूप खूप’, असं पंचेचाळीस वेळा, आणि शेवटी ‘आवडली. जेवलात का?’

मी वर्गातच विचारलं, “रोशन, हे काय आहे?”

त्यानं पहिल्यांदा माइक चालू केला. “मॅडम, भावना खरी आहे ना. यंत्राला कमी वाटते त्याला मी काय करू?”

‘जेवलात का’ हा प्रश्न मात्र साथीसारखा पसरला. नियमात प्रश्न हवा म्हटलं होतं, कसला ते म्हटलं नव्हतं. तीन आठवड्यांत चाळीस जणांच्या जेवणाच्या वेळा मला पाठ झाल्या. नर्सबाई दुपारचं जेवण पाच वाजता जेवायच्या. समाजशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात मला ते कळलं नसतं.

*

परब सर एकदा स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, “गप रवणारो शिकना नाय, असा कोणी सांगल्यान?”

मग त्यांनी सावंतची गोष्ट सांगितली. शेवटच्या बाकावरचा सावंत तीन वर्षांत वर्गात एक शब्द बोलला नाही. पण सरांनी फळ्यावर आकडा चुकवला की तो खोकायचा. सर वळून आकडा बघायचे, पुसायचे, सुधारायचे. दोघांनी याबद्दल एकमेकांना कधीच काही म्हटलं नाही.

“सांग गो, त्या खोकल्याक मार्क किती?”

आदल्याच दिवशी सरांनी ऑनलाइन वर्गात एक गणित सुरुवातीलाच चुकवलं होतं आणि तास संपेपर्यंत तसंच पुढे नेलं होतं. घरी गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं.

“आता खोकूक कोण नाय,” ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला.

मलाही वर्गाची फार आठवण येते. चेहऱ्यांची तर येतेच. पण त्याहून जास्त, मी काही चांगलं बोलले की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबायची, त्या एका क्षणाची. माइक बंद असले की तो क्षण कधी आला आणि कधी गेला, काही कळत नाही.

*

आता अनिता जाधव. वय एकेचाळीस, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांच्या पॅकिंगचं काम. पंधरा वर्षं तिथेच. तिथे सुपरवायझर व्हायला पदवी लागते. दरवेळी नवी पदवीधर मुलगी येते, अनिताताई तिला महिनाभर काम शिकवतात, आणि मग ती मुलगी यांची सुपरवायझर होते. म्हणून त्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर पुस्तक हातात घेतलं होतं, आणि आता पदवीचं शेवटचं वर्ष होतं.

सातव्या आठवड्यानंतर मी मार्कांची बेरीज केली. अनिताताईंना दोन. वीसपैकी दोन.

मला पटेना, कारण सगळ्यात जास्त उत्तरं त्यांचीच होती. आठवड्याला सात-सात, आठ-आठ. आणि काय उत्तरं! नर्सबाईंनी लिहिलं होतं की वॉर्डातला जुना पाळणा काढून टाकला. त्यावर रोशननं मागाहून ‘जेवलात का’ विचारलं होतं. अनिताताईंनी विचारलं होतं, “रिकामा असताना कुणी त्याला जाता जाता झोका द्यायचं का?”

पण पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी स्वतःची पोस्ट एकदाही लिहिली नव्हती. पोस्ट नाही म्हणून उत्तरं धरायची नाहीत. उरलेल्या तिन्ही आठवड्यांत पुरे मार्क मिळाले तर दोन अधिक सहा, बरोबर आठ. एक आठवडा चुकला की नापास.

त्यांनी उत्तरं कुणाकुणाला दिलीत ते मी बघायला लागले. आमच्या पानावर ज्या पोस्टला उत्तरं येतात ती वर चढते, न येणारी तळाला जाते. लोक वरच्या चार पोस्टना उत्तरं देऊन मोकळे होतात. अनिताताईंची सगळी उत्तरं तळाच्या पोस्टना होती. जिला कुणीच उत्तर दिलं नाही, तिला यांनी दिलं होतं. दर आठवड्याला, न चुकता.

मग मी पहिल्या आठवड्याच्या तळाला गेले. तिथे त्यांची पोस्ट होती. दिंडोशीच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका भरायची. त्या आणि शैला नावाची मैत्रीण, दोघींत मिळून गणिताचं एक पुस्तक. डावं पान ही वाचायची, उजवं शैला, आणि दोघींचं झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. ‘आता तिथे संगमरवर लागला आहे. शैला लग्न होऊन गेली, कुठे ते कळलं नाही. मी अजून पान उलटण्याआधी जरा थांबते.’

खाली लिहिलं होतं, शून्य उत्तरं.

*

मी फोन केला. मागे मशिनचा आवाज येत होता.

“अनिताताई, तुम्ही पोस्ट का लिहीत नाही? नापास व्हाल.”

“मॅडम, एकदा लिहिली ना. कोणी काय बोललं नाही. मग वाटलं, आपलं लिहिणं नसेल तसं.”

“मी वाचली होती. पहिल्या आठवड्याचे मार्क देतानाच वाचली होती.”

“मग तुम्ही पण काय नाही लिहिलं?”

“मला लिहायची परवानगी नाही.”

“हां,” त्या म्हणाल्या. रागानं नाही. पण त्या एका ‘हां’नं मी चार दिवस धड जेवले नाही.

मी म्हटलं, “तीन पोस्ट लिहा. माझ्यासाठी नको, त्या सुपरवायझरच्या खुर्चीसाठी लिहा.”

*

आठव्या आठवड्याचा विषय होता, ‘कामाच्या जागी कुणाचा शब्द चालतो’. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत अनिताताईंची पोस्ट आली. सुपरवायझरच्या खुर्चीबद्दलच होती.

मी पान उघडं ठेवून बसले. एक वाजला, दोन वाजले. शून्य उत्तरं. पोस्ट खाली खाली चालली होती. मला इतकं लिहावंसं वाटलं की मी उठून भांडी घासायला गेले.

परत आले तर एक उत्तर होतं, रोशनचं. ‘माझी दोन उत्तरं होऊन गेलीत, याला मार्क मिळणार नाहीत, माहीत आहे. तरी विचारतो,’ अशी सुरुवात होती. पुढे बरंच काही होतं, आणि त्यात ‘खूप’ एकदाही नव्हतं. शेवटी प्रश्न होता, ‘ती खुर्ची कसली आहे, साधी की फिरती?’

अनिताताईंनी आपली कंपनी, आपला विभाग, सगळं सांगत पन्नास शब्द भरले आणि शेवटी लिहिलं, ‘फिरती. सगळे गेल्यावर मी एकदा बसून बघितलं आहे.’

त्या संध्याकाळी त्या पोस्टखाली अकरा उत्तरं आली. बहुतेकांचं ते तिसरं उत्तर होतं. तिसऱ्या उत्तराला आमच्याकडे मार्क नाहीत.

दहाव्या आठवड्यानंतर मी बेरीज केली. आठ. मी तीनदा मोजले, तिन्ही वेळा आठच आले.

*

निकाल लागला. अनिताताई पदवीधर झाल्या. चर्चेचं पान आणखी एक महिना उघडं राहणार होतं, मग कायमचं पुसलं जाणार होतं. लिहायला आता कुणी येत नव्हतं. मी मात्र रोज सकाळी चहा घेऊन ते उघडायची. रिकाम्या वर्गात डोकावतात ना, तशी.

पान बंद व्हायला दोन दिवस होते आणि वर एक आकडा दिसला. एक नवं उत्तर. पहिल्या आठवड्यात, माझ्या नमुन्याखाली.

‘मॅडम, तुमच्या पोस्टला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. नमुना म्हणून सगळ्यांनी सोडून दिली, मी पण सोडली. पान बंद व्हायच्या आधी शेवटचं तळाला गेले तेव्हा दिसली, माझ्या पोस्टच्याही खाली. एक विचारायचं होतं. बारा मशिनं चालू असली म्हणजे आवाज खूप होत असणार. एवढ्या आवाजात तुमच्या बाबांना तुम्हाला बोलवायचं असलं, तर ते काय हाक मारायचे? – अनिता जाधव’

चहा गार झाला. निकाल लागून गेला होता, आता नियम कुणावरच उरला नव्हता. मी टाइप केलं, ‘पमडे.’

लाल अक्षरं आली. उत्तर किमान पन्नास शब्दांचं हवं. अजून एकोणपन्नास.

मी खुर्ची पुढे ओढली आणि बोटांकडे न बघता लिहायला लागले.