ट्यूबची रेघ

चाकणच्या आमच्या कंपनीत रंगवून आलेलं गाडीचं प्रत्येक दार मी यादीतले अठरा मुद्दे तपासून पास करते. त्या दिवशी कॉलेजची मुलं कारखाना बघायला आली होती. एका काळ्या दारासाठी मी सही करणार, तोच त्यांच्यातली एक मुलगी वाकून, तिरकं बघत म्हणाली, "मॅडम, इथे पोचा आहे."

"अगं, गप्प!" तिचे सर ओरडले. "मॅडमची वीस वर्षं गेलीत यात!"

ती हलली नाही. "सर, वरच्या ट्यूबलाइटची रेघ दारात चमकतेय ना, ती बघा. सरळ पाहिजे, इथे वाकलीय."

मीही वाकले. रेघ खरंच वाकली होती. दार मी परत पाठवलं.

"फिजिक्स पक्कं दिसतंय तुझं."

"पुस्तकात नंतर आलं, मॅडम. माझे पप्पा भोसरीत डेंटर आहेत, गाड्यांचे पोचे काढतात. रेघ सरळ दिसेपर्यंत ते हातोडी खाली ठेवत नाहीत." सांगताना तिची मान ताठ झाली होती.

मुलं पुढे गेली आणि तिचं नाव विचारायचं राहिलं. यादीत मी एकोणिसावा मुद्दा लिहिला, ट्यूबची रेघ. रजिस्टरमध्ये 'दोष कोणी शोधला' या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: डेंटरची मुलगी.