स्टाफचा मुलगा

"हिच्या बापाला मी बंगल्याच्या फाटकाशी दुपारभर उन्हात उभा केला होता," साहेब म्हणाले आणि श्रीखंडाची वाटी पुढे ओढली.

सगळे हसले. मीही हसले. तोंडाला सवय आहे.

सिंगापुरातल्या सेरंगूनचा मॅनेजरचा फ्लॅट, रविवारचं जेवण. साहेब म्हणजे रिटायर्ड पोलीस अधिकारी, मुलाकडे आलेले. तो मुलगाच माझा मॅनेजर. आम्ही एकाच गावचे. तुआसच्या कंपनीत मला त्यानेच घेतलं. इथे नोकरी करायचा माझा पास रिन्यू व्हायचा तोही त्याच्या शब्दावर.

साहेबांनी गोष्ट रंगवून सांगितली. मुलगा तेव्हा कॉलेजात, लायसन्स नाही, बुलेट सुसाट. चौकात माझ्या वडिलांनी अडवलं. ते ट्रॅफिक हवालदार. पोरगा म्हणाला, "स्टाफ." आमच्याकडे एवढं म्हटलं की पोलीस पोलिसाच्या घरच्यांना सोडतो. बाबांनी सोडलं नाही. चौकीत नेलं.

"पोलिसाच्या पोराला पोलिसानं धरायचं नसतं, एवढी अक्कल नव्हती त्याला."

सगळ्यांत मोठ्याने मॅनेजर हसला. हाच रोज सांगतो, आपल्या लोकांना शिस्त नाही, सिंगापूरकडून शिका. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबतो.

एक गोष्ट साहेबांनी गाळली. त्या दिवशी चौकात त्या बुलेटखाली एक भाजीवाली आली होती. केस झालीच नाही. मी बाबांचा डबा घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेले, तेव्हा बाबा टोपी काखेत धरून त्या पोराची माफी मागत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "काका, त्या बाईचा पाय मोडला होता."

"कोणत्या बाईचा?"

खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

मॅनेजर हसत म्हणाला, "सोड ना. तूही पोलिसाचीच मुलगी. आपण दोघं स्टाफच."

"मी नाही," म्हटलं आणि चपला घातल्या. कोणी थांब म्हणालं नाही.

घरी येऊन बाबांना फोन लावला, सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट त्यांच्यासाठी बोलली. ते म्हणाले, "साहेबांना सॉरी म्हण, बाळा. पासचं काम आहे तुझं."

एवढ्या वर्षांनीही ते फाटकाशीच उभे आहेत. मला त्यांना तिथून हलवता येणार नाही. त्या बाईचा पायही सरळ होणार नाही. मॅनेजर मॅनेजरच राहील, माझा पास बहुतेक जाईल.

जाऊ दे. सॉरी मी म्हणणार नाही. ही गोष्ट माझ्यासमोर कोणीही सांगितली, तर त्यात ती भाजीवाली मी आणणारच. हसणाऱ्यांचा घास अडकला तरी.