जपानी रेकॉर्डचं कव्हर आईच्या पदरावर

मंडळी, आज काय झालं ते ऐका.

आज दुपारी उधन्यात मावसबहिणीच्या हळदीला गेलो. मांडवात सगळ्या बायकांच्या साड्या एकसारख्या, निळ्यावर पिवळे त्रिकोण. मी जागीच थिजलो. हे तर माझ्या रेकॉर्डचं कव्हर!

माझं वेड तुम्हाला माहीत आहे. एका इंग्लिश न्यू वेव्ह रॉक बॅण्डचं न चाललेलं एकच गाणं, पण ज्या ज्या देशात निघालं तिथली रेकॉर्ड मी जमवतो: इंग्लंडची छोटी, जर्मनीची मोठी आणि जपानची. त्रिकोण फक्त जपानच्या कव्हरवर आहेत.

नवरीचा भाऊ दिलीप पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्यांची डिझाइनं करतो. गेल्या महिन्यात "बघून परत देतो" म्हणत त्यानेच ती जपानची रेकॉर्ड नेली होती.

"दिल्या, हे काय केलंस?"

"अरे, जोरात चालली डिझाइन! आख्ख्या मार्केटमध्ये गेली!"

तेवढ्यात आईने पदर पुढे केला. "हाई तुनंच अक्षर शे ना रे?"

कुणी विकत मागू नये म्हणून कव्हरच्या कोपऱ्यात मी पेनाने लिहिलं होतं, 'विकायची नाही'. स्कॅन करताना दिल्याने ते पुसलंच नाही. पदरभर तेच छापलंय, ओळीने.

सांगा, आता भांडू कसा? आई प्रत्येक बाईला थांबवून सांगत होती, "हाई मना पोऱ्यानं अक्षर शे."