मिठाचा घाव

"बूट-मोजे काढा," डॉक्टर म्हणाले आणि मला राग आला. मी रक्ताच्या कर्करोगासाठी आलो होतो, पायासाठी नाही. पण मी लंगडतोय हे त्यांनी दारातच पाहिलं होतं. मोजा घोट्याला चिकटला होता, सलाईनने भिजवून सोडवावा लागला. आतली जखम पाहायला ते पायाशी वाकले. मग म्हणाले, "व्हॅस्क्युलायटिस वाटतोय, रक्तवाहिन्यांची सूज. किती दिवस लपवलंत?"

लपवलं नव्हतं हो. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

हे ब्याण्णव सालचं, दोन वर्षांपूर्वीचं. मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया होता, म्हणजे पांढऱ्या पेशी हळूहळू बेसुमार वाढवणारा रक्ताचा कर्करोग. हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलवर दोन वर्षं पेशी ताब्यात होत्या. काशीमीऱ्याच्या एका गोदामात मी टाइमकीपरची नोकरीही करत होतो. मग घोट्यावर जांभळे ठिपके आले, त्यांचे फोड झाले आणि फोडांचे दोन खड्डे.

आम्ही भाईंदरचे जुने मिठागरवाले. बाबांचं आयुष्य खाऱ्या पाण्यात उभं राहण्यात गेलं, शाळेच्या सुट्टीत मीही मीठ ओढलंय. आमच्या घरात पायाला जखम नसलेला पुरुष नव्हता. बाबांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि निकाल दिला, "मिठाचा घाव हाय. काय न्हाय व्हत."

रोज संध्याकाळी ते कोमट खोबरेल तेलात हळद कालवून लावायचे. असे दोन महिने गेले. मधल्या दोन तपासण्यांना मी मोजे घालून गेलो आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगून आलो. मिठागर सुटून मला पंधरा वर्षं झाली होती, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

बायोप्सी झाली, म्हणजे जखमेच्या कडेचा कातडीचा तुकडा काढून तपासला. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्या होत्या. रक्त पोचत नव्हतं, म्हणून कातडी मरत होती. आणि हे करत होती तीच कॅप्सूल, जिच्यावर मी जगत होतो. चालू ठेवली तर पाय जाण्याची भीती, बंद केली तर पेशी उसळणार. डॉक्टरांनी ती बंद केली; पायाची सूज उतरेपर्यंत दुसरं औषधही नको म्हणाले.

पुढचे पाच आठवडे कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. पायाला चादर लागली तरी जीव जायचा. दर सोमवारी तपासायला रक्त देऊन बाकावर पांढऱ्या पेशींच्या आकड्याची वाट पाहायची, आणि आकडा दर सोमवारी वाढलेलाच. मी नवस बोलणंही सोडलं. पाय कापा पण सोडवा, असं एकदा डॉक्टरांना म्हणालो. त्या दिवशी शेजारी बसलेल्या बाबांनी विचारलं, "माज्या तेलानं झाला काय रं?" मी नाही म्हणालो, पण म्हणायला फार वेळ घेतला. त्याची लाज अजून वाटते.

मग दुसरी गोळी सुरू झाली आणि आकडा उतरू लागला. जखम भरायला आठ महिने लागले. रोग आहेच. ही गोळी किती साथ देईल ते डॉक्टर सांगत नाहीत, मीही विचारत नाही. तुमच्यापैकी कुणी अशी औषधं घेत असेल तर अंगावर जे नवं दिसेल ते डॉक्टरांना दाखवा, घरच्यांची कितीही खात्री असली तरी.

गेल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही त्रास? मी नाही म्हणालो. बाबा खुर्चीतून उठले, गुडघे धरत खाली बसले आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.