काखेतलं अवधाण

काखेतली गाठ दुखत होती. नको ते विचार करत मी तिच्यावर आंबेहळदीचा लेप लावत बसलो होतो. शेजारच्या काकूंनी माझं सुजलेलं बोट पाहिलं. "गुलाब छाटताना काटा मोडलाय तुमच्या बोटात. हे त्याचं अवधाण आहे, जखम बोटाला आणि गाठ काखेत," त्या म्हणाल्या.

काटा मी विसरलो होतो. कातडीत पहारा देणाऱ्या, फांद्याफांद्यांच्या आकाराच्या पेशी विसरल्या नव्हत्या. काट्याबरोबर शिरलेल्या जंतूचा तुकडा घेऊन त्या काखेतल्या गाठीपर्यंत गेल्या, आणि तो पाहून तिथल्या लढणाऱ्या पेशी जाग्या होऊन वाढल्या; म्हणून गाठ सुजली. एरवी या फांद्यांच्या पेशी शरीराचेच तुकडे तिथे नेतात आणि हे आपलंच आहे, गप्प राहा, असं सांगतात.

काकूंनी सुईने काटा काढला. माझ्याच अंगातला निरोप कळायला मला मात्र शेजारीण लागली.