आवाज बंद करून गाणी बघणारे नाना

नाना गाणं आधी आवाज बंद करून बघायचे. धुळ्यातल्या आमच्या केबल चॅनलवर लग्नसराईत अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ ढिगानं यायचे आणि कुठलं दाखवायचं, हे नाना ठरवायचे. मी शेजारच्या कॉम्प्युटरवर एडिटिंग करायचे. "शब्द माणूसले फसाडतस," ते म्हणायचे, "चेहरा नही फसाडत."

चावट गाण्यांचं त्यांना वावडं नव्हतं. साक्रीकडच्या एका अक्कांचं लग्नातलं गाणं आम्ही लावलं होतं. त्यात नवरी वरमाईला विचारते, 'तुमचा लेक जेवला की घोरतो म्हणे, मग मी रात्रभर काय छपराचे वासे मोजू?' दुसऱ्याच दिवशी काही मंडळी निवेदन घेऊन आली. आपल्या भाषेची अब्रू जाते, गाणं बंद करा! नानांनी त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाले, "मन्ही मायनी हाई गानं मन्हा लगीनमा म्हनेल शे. तुमना लगीनमा कोनी म्हनं, घर जाईसन मायले इचारा." त्यांच्या पुढाऱ्यानं निवेदनाची घडी करून खिशात घातली. त्याच्या मागची एक बाई मात्र पदराआड हसली.

चॅनलचे मालक, आमचे शेठ, भांडणाला घाबरायचे. त्यांनी 'रात्रभर' या शब्दावर टूं असा आवाज घालायला लावला. संध्याकाळपासून फोन सुरू झाले. त्या टूंच्या जागी लोकांनी जे जे शब्द ऐकले होते, ते अक्कांना स्वप्नातही सुचले नसते. "शब्द झाका, का लोकेस्नं मन उघडं पडस," नाना म्हणाले आणि टूं काढून टाकायला सांगितलं.

त्याच लग्नसराईत एक नवं गाणं आलं. वरातीवरातीत डीजेवर तेच वाजत होतं. शब्द अगदी साधे, वाईट एकही नाही. व्हिडिओत गाणारा पोरगा एका मुलीची वाट अडवतो आणि तिची ओढणी ओढतो. नानांनी ते नेहमीसारखं मुक्यानं बघितलं. मग मला मागे घ्यायला लावलं. पुन्हा मागे घ्यायला लावलं.

"ती पोर कोनाकडे देखी ऱ्हायनी?"

ती गाणाऱ्याकडे बघतच नव्हती. कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या कुणाला तरी हात करून काही सांगत होती. नानांनी चौकशी करून तिला फोन लावला. ओढणी ओढणार, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती "थांबा, थांबा" म्हणत होती. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी तेवढा आवाज पुसला आणि तो तुकडा तसाच ठेवला.

शेठ म्हणाले, "नाना, अक्कांचं चावट गाणं तुम्हाला चालतं आणि यात एक वाकडा शब्द नाही, ते चालत नाही?"

"अक्का हासत हासत गास. हाई पोर घाबरेल शे. मन्हा हातथून हाई जावाव नही."

"मग दुसऱ्याच्या हातून जाईल."

नानांनी खुर्चीच्या पाठीवरची पिशवी घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले. गाणं दुसऱ्या दिवशी शेठनी स्वतः लावलं. पूर्ण हंगाम ते वाजलं.

नानांनी तिथून थेट त्या मुलीच्या गावची एसटी पकडली होती, हे मला नंतर कळलं. व्हिडिओ आधीच मोबाइलवर गावभर फिरला म्हणून बापानं तिचं कॉलेज बंद केलं होतं. नाना ओट्यावर बसले आणि त्याला म्हणाले, "भाऊ, चूक पोरनी नही, दखाडनारनी शे." चॅनलवर मात्र ते परत कधी आले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. मी त्यांच्या घरी दारावर बसायला, सांत्वनाला गेले, तेव्हा बायकांमध्ये ती ओढणीवाली मुलगी भेटली. आता नंदुरबारकडे शाळेत शिकवते. मी विचारलं, "त्या दिवशी तुझ्याशी काय बोलले गं?"

"वडलांशीच बोलत होते. मला त्या गाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. निघताना फक्त म्हणाले, 'बेटा, कालेजले कव्हय जाशी?'"

"मग?"

"मी म्हटलं, सोमवारी."